बारा व्होल्टवर चालणारा फ्री डिश बॉक्स : चिखलीच्या माळ्यावरून चार महिन्यांचा अनुभव

आमच्या आक्काचं घर प्रयाग चिखलीत आहे. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती इथेच एकत्र येतात आणि पुढे पंचगंगा म्हणून वाहतात. त्यामुळे पाणी चढायला लागलं की कोल्हापूर शहराच्या आधी चिखलीला कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फुटांची. आक्का आणि दाजी दोन रात्री माळ्यावर बसून होते, मग बोट आली. वीज पहिल्याच दिवशी गेली होती, मोबाइल दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडले. नंतर दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, पाणी दिसत हुतं. पण वरनं किती येतंय, राधानगरीची दारं किती उघडली, ते सांगायला कोन न्हवतं. त्येचीच धास्ती लई."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी १९९३ पासून केबलच्या धंद्यात होतो, आयुष्यभर डिश आणि रिसीव्हरच हाताळले. सख्ख्या बहिणीच्या माळ्यावर चार दिवस बातमी चालेल अशी सोय मला करता येऊ नये, हे मनाला लागलं. तेव्हापासून वेगवेगळे बॉक्स बॅटरीवर लावून बघत आलो. या जूनमध्ये जो बसवला, त्याच्याबद्दल लिहितो.

बॉक्स राजारामपुरीतल्या एका दुकानातून घेतला, रिमोट आणि अडॅप्टरसकट ११५० रुपयांना. नाव लिहीत नाही, कारण हाच बॉक्स चार-पाच नावांनी विकला जातो. मी दोन वेगळ्या नावांचे उघडून बघितले, आतली पाटी (सर्किट बोर्ड) एकच. घेताना खूण एवढीच बघायची : मागे बारा व्होल्टची गोल पिन हवी. ज्याची २३० ची वायर थेट आत जाते, तो आपल्या कामाचा नाही. दुकानदार चांगला होता. मी काउंटरवरच मल्टीमीटर काढल्यावर म्हणाला, "मोजा की काका, निवांत मोजा. न्हाई पटला तर दुसरा दाखवतो."

डिश जुनीच होती. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची बिनभाड्याची डिश सेवा. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. कोल्हापुरातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. एवढा उंच असल्यामुळे शेजारच्या स्लॅबची किंवा नारळाची अडचण सहसा येत नाही. आक्काकडे डिश वरच्या कठड्याला बांधली आहे, पाणी तिथवर आलं तर बातम्या ऐकायची वेळच उरणार नाही.

आता मुख्य गोष्ट, वीज. मीटर बॅटरीच्या वायरमध्ये घालून मी एक दुपारभर आकडे घेतले. चित्राची वाहिनी चालू असताना, डिशवरच्या एलएनबीसकट (डिशने गोळा केलेला सिग्नल वायरीतून खाली पाठवणारी डबी), बॉक्स ०.५६ अँपिअर घेतो. उपग्रहाच्या लहरी काही वाहिन्यांसाठी उभ्या तर काहींसाठी आडव्या येतात, त्याला पोलरायझेशन म्हणतात. आडव्या पोलरायझेशनची वाहिनी लावली की ०.६१, कारण उभ्यासाठी बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो आणि आडव्यासाठी १८. बॅटरी १२ ची असल्यामुळे आत ते चढवावे लागतात, त्यात थोडं वाया जातं. एलएनबीची वायर काढली की आकडा ०.१३ ने उतरतो. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा वीज छपरावर जाते. हे बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही.

आकाशवाणीचं स्टेशन लावलं तर ०.४८.

इथे मी थांबलो आणि परत मोजलं. चित्र नाही, नुसता आवाज, तरी फक्त ०.०८ ची बचत? दाजींच्या खिशातला रेडिओ दोन सेलवर महिना काढतो. तोही आवाजच ऐकवतो, हाही आवाजच ऐकवतो. मग हा एवढं खातो कशाला?

उत्तर बॉक्समध्ये नाही, उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्यांच्या प्रवाहात आहे. हे नीट सांगायला हवं, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही आणि बॉक्सला उगाच दोष दिला जातो.

आमच्या कंट्रोल रूममध्ये सुरुवातीला एका वाहिनीला एक रिसीव्हर होता. ॲनालॉगचा जमाना. उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉंडरवर, म्हणजे खाली सिग्नल पाठवणाऱ्या एका पट्ट्यावर, सहसा एकच वाहिनी येई. सोळा वाहिन्या दाखवायच्या तर सोळा रिसीव्हर, सोळा मॉड्युलेटर, एकावर एक रचलेले. एप्रिलमध्ये त्या खोलीत उभं राहवत नसे, दोन टेबलफॅन फक्त मशीनसाठी लावलेले. डिजिटल आल्यावर त्याच ट्रान्सपॉंडरवर दहा, पंधरा, वीस वाहिन्या एकत्र गुंफून यायला लागल्या. यालाच मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. दूध संघाची गाडी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक गावाला वेगळी गाडी नाही, एकाच गाडीत सगळ्या गावांचे कॅन, प्रत्येक कॅनवर संस्थेचा नंबर. इथे कॅन म्हणजे १८८ बाइटचं पॅकेट आणि नंबर म्हणजे पीआयडी. असे ८१९२ नंबर देता येतात. शेवटचा, ८१९१, हा रिकाम्या कॅनचा. गाडी ठरलेल्या वेगाने धावलीच पाहिजे, माल कमी असला तर रिकामे कॅन चढवायचे.

यातलं कसब बघण्यासारखं आहे. खासबागेतली कुस्ती दाखवायची तर मल्ल, माती, मागची हलती गर्दी, क्षणाक्षणाला सगळं चित्र बदलतं, बिट जास्त लागतात. बातम्या वाचणाऱ्याच्या मागचा पडदा मात्र जिथल्या तिथे असतो, त्याला कमी पुरतात. पाठवणारं यंत्र क्षणोक्षणी बघतं, कुणाला आता गरज आहे, आणि त्याप्रमाणे जागा वाटून देतं. म्हणून त्याच पट्ट्यात जास्त वाहिन्या मावतात. पूर्वी जिथे एक वाहिनी होती, तिथे आज गावोगावी एक रुपया भाडं न देता लोक डझनभर वाहिन्या बघतात, त्यामागे हे गुंफणं आहे. डीडी डायरेक्ट प्लस म्हणून ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ३३ वाहिन्या होत्या. त्या दिवसापासून मी या सेवेचा चाहता आहे, केबलवाला असूनही.

पण या गुंफणीची किंमत घेणाऱ्याला मोजावी लागते. बॉक्सला एक कॅन हवा असला तरी अख्खी गाडी उतरवून घ्यावी लागते. मेनूमध्ये सिम्बॉल रेट २९५०० लिहिलेला दिसतो, म्हणजे सेकंदाला २ कोटी ९५ लाख सिम्बॉल, सिग्नलचे ठोके म्हणा. क्यूपीएसके या पाठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकात दोन बिट. तीन-चतुर्थांश करेक्शन धरलं, म्हणजे पाव हिस्सा चूक-दुरुस्तीसाठी सोडला, आणि १८८ बाइटला जोडलेले १६ जादा बाइट वजा केले, तर सेकंदाला ४० मेगाबिटच्या वर माल हाती येतो. या सगळ्याची चूक-दुरुस्ती आधी करावी लागते. कॅनवरचा नंबर वाचता येतो तो त्यानंतरच. आणि दाजींना हवं असतं एक स्टेशन, ज्याला पाव मेगाबिटही लागत नाही. म्हणजे दीडशे-दोनशे कॅन धुऊन पुसून, त्यातला एक ठेवून बाकीचे ओतून द्यायचे. चित्र बंद केल्यावर फक्त शेवटचा टप्पा, चित्र उलगडणारा, थांबतो. ट्यूनर, डिमॉड्युलेटर, एलएनबी तसेच राबत राहतात. ०.५६ वरून ०.४८, एवढंच का उतरतं त्याचं हे कारण.

खिशातल्या रेडिओचं बरं असतं. प्रत्येक स्टेशनची फ्रिक्वेन्सी वेगळी, तो आपलं तेवढं पकडतो, बाकीच्यांकडे बघतही नाही.

मग गुंफलेल्या प्रवाहात वीज वाचवायची कशी? आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही, तो पाळीचं पाणी घेतो. पाटावर सगळ्यांचा हक्क, पण रात्रभर कुणी पाटाशी उभं राहत नाही. आधीच्या माणसाने निरोप द्यायचा, "तुमची पाळी तीनला", मग तीनला दार उघडायचं, आपलं रान भिजवायचं आणि झोपायला जायचं. मोबाइलवर टीव्ही दाखवण्यासाठी २००४ मध्ये डीव्हीबी-एच नावाचं मानक आलं होतं, त्यात नेमकं हेच केलं होतं. एका वाहिनीचा माल थेंबाथेंबाने न पाठवता एकदम लोंढ्यात पाठवायचा आणि प्रत्येक लोंढ्यासोबत पुढचा लोंढा किती वेळाने येईल तेही सांगायचं. मधल्या वेळात फोनचा ट्यूनर पूर्ण बंद. ती सेवा टिकली नाही, फोनवर इंटरनेट आलं, पण कल्पना सोन्यासारखी होती. तीच कल्पना डीव्हीबी-एस२ मध्ये वेगळ्या रूपाने आली आहे. एस२ हे उपग्रहावरून टीव्ही पाठवण्याचं २००५ चं मानक. त्यात ६४,८०० बिटांच्या मोठ्या फ्रेम असतात आणि त्यांची चूक-दुरुस्ती एलडीपीसी नावाच्या पद्धतीने होते. ती ताकदवान आहे, जुन्या पद्धतीपेक्षा त्याच जागेत साधारण ३० टक्के जास्त माल नेते, पण तिचं गणित पुन्हा पुन्हा फिरवून सोडवावं लागतं, आणि प्रत्येक फेरीला वीज लागते. रुंद पट्ट्याच्या उपग्रहांसाठी त्या मानकाला नंतर एक पुरवणी जोडली. तिच्यात प्रत्येक फ्रेमच्या कपाळावरच कोणत्या प्रवाहाची फ्रेम आहे तो नंबर असतो, आणि तेवढं कपाळ वेगळं, सोप्या रीतीने वाचता येतं. आपला नंबर नसेल तर फ्रेम न सोडवताच सोडून द्यायची. नंबर कॅनच्या आत न ठेवता गाडीच्या दारावर लिहिल्यासारखं झालं.

म्हणून माझं म्हणणं असं, की बॅटरी किती चालणार हे बॉक्स बनवणाऱ्याच्या हातात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं प्रवाह गुंफणाऱ्याच्या हातात आहे. पूर, वादळ, धरणाचा विसर्ग अशा सूचनांसाठी एखादा छोटासा प्रवाह वेगळा, पाळी लावून पाठवला, तर याच किमतीच्या बॉक्समध्ये दसपट काटकसर करता येईल. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं, सगळ्यांना ते हवं आहे. उपग्रहाला पूर लागत नाही. मोबाइलचा टॉवर बुडतो, माझ्या मुलाचं इंटरनेटचं फायबर खांबासकट वाहून गेलं, उपग्रह जागेवरच असतो.

सेलवर चालणारा उपग्रह-रेडिओ मी वापरलेला आहे, त्यामुळे हे हवेतलं बोलणं नाही. २००० मध्ये एशियास्टार उपग्रह वर गेला, वर्ल्डस्पेस कंपनीचा. त्यात जमिनीवरून वेगवेगळी येणारी स्टेशनं खुद्द उपग्रहावरच एका प्रवाहात गुंफली जात, म्हणजे खालचा रिसीव्हर साधा ठेवता येई. हाताएवढा चौकोनी अँटेना खिडकीत ठेवला की गंधर्व वाहिनीवर शास्त्रीय गाणं. ती सेवा भारतात ३१ डिसेंबर २००९ ला थांबली. रिसीव्हर माझ्याकडे अजून आहे.

आता या बॉक्सची खरी तक्रार. रिमोटने बंद केला की समोरचा हिरवा दिवा तांबडा होतो, घरच्यांना वाटतं बंद झाला. मीटर सांगतो ०.४४. चित्र आणि आवाज तेवढा थांबवलाय, एलएनबीचे व्होल्टसुद्धा चालूच. रात्रभर असा ठेवला तर सकाळी बॅटरी संपलेली. पहिल्या आठवड्यात आक्काचं हेच झालं. तिचा फोन आला, "बाळ, रात्री मी सोता बंद केलाय, तरी बॅटरी मेली बघ." तिची काही चूक नव्हती. बनवणाऱ्याने एलएनबीचा पुरवठा तोडायची एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली असती, तरी पाव हिस्सा वाचला असता. ११५० रुपयांच्या वस्तूतसुद्धा हे चालवून घेऊ नये असं मला वाटतं, कारण ही वस्तू घेणाऱ्यांत बॅटरीवाले बरेच असतात.

दुसरी गोष्ट बॉक्स उघडल्याशिवाय कळत नाही. पिनजवळचा पहिला कपॅसिटर १६ व्होल्टचा आहे. अडॅप्टरवर ठीक आहे. पण सोलरचा कंट्रोलर बॅटरी भरताना १४.४ पर्यंत नेतो, मग मधे फार काही उरत नाही. मी तो २५ व्होल्टचा घातला, दहा रुपयांचं काम. शिवाय वायरीत एक डायोड आणि २ अँपिअरचा फ्यूज टाकला. डायोड ०.७ व्होल्ट खातो, पण अंधारात कुणी बॅटरीची टोकं उलटी लावली तर बॉक्स वाचतो. ज्याला सोल्डरिंग येत नाही त्याने निदान फ्यूज तरी बसवून घ्यावा.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची आहे, यूपीएसमधली असते तीच. तिचं आयुष्य टिकवायचं तर अर्धीच वापरायची, म्हणजे साडेतीन. १२ व्होल्टचा सतरा इंची टीव्ही १.३ अँपिअर घेतो, बॉक्ससकट १.८६, दोन तासही पुरत नाही. टीव्ही बंद ठेवून बॉक्सच्या मागच्या ऑडिओच्या भोकातून छोटा स्पीकर चालवला तर एकूण ०.५४, साडेसहा तास निघतात. छपरावर २० वॅटचं पॅनेल आहे, पण जुलैतल्या ढगात ते दिवसभरात जेमतेम एक अँपिअर-तास देतं. म्हणूनच मी एवढ्या शंभराव्या भागापर्यंत मोजत बसलोय. पॉइंट एक अँपिअर वाचला, तर अर्धी बॅटरी आणि पॅनेल मिळून त्या ढगाळ दिवसात जवळजवळ दोन तास जास्त मिळतात.

पावसाचं सांगायचं तर जुलैत दोनदा जोराच्या सरीत सगळंच गेलं, दहा-पंधरा मिनिटं. केयू बँड (उंच फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आहे, पाऊस तो खातोच. नव्या पद्धतीच्या वाहिन्या आधी अडखळल्या, जुन्या एमपेग-२ वाल्या थोड्या जास्त टिकल्या. मग ६० सेंटिमीटरची डिश काढून ७५ ची लावली. त्यानंतर एकदाच गेलं. डिश मोठी करायला पैसे लागतात, वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरीवाल्याने आधी तिथे खर्च करावा. सिग्नल सुधारल्यावर बॉक्स कमी खाईल असं वाटलं होतं, मीटरवर फरक दिसला नाही.

रिमोट बरा आहे, आकडे मोठे आहेत. मेनूत मराठी नाही, असायला हवी होती. चित्र स्वच्छ. गरम होत नाही, पाठीवर हात ठेवता येतो. माझ्या जुन्या २३० वाल्या बॉक्सने १४ वॅट घेतले होते, हा एलएनबीसकट सातच्या आसपास, म्हणजे निम्मा. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. नुसत्या बातम्या ऐकायच्या असतील तर खिशातला रेडिओच घ्या. पण धरणाचे आकडे पडद्यावर वाचायचे असतील, कुठला रस्ता बंद झाला तो नकाशा बघायचा असेल, आणि गावात लाइट टिकत नसेल, तर हा बॉक्स घ्या. फक्त स्टँडबायवर विसंबू नका.

त्यावर मी केलेला उपाय साधा आहे. बॅटरीच्या वायरीत घरातल्या बटणासारखा एक खटका बसवला, पावसाळ्यात तोच वापरायचा. बॉक्स चालू होऊन सिग्नल पकडायला ४० सेकंद घेतो, हेही मोजून दाजींना सांगितलं. ते आता सातला एक मिनिट कमी असताना खटका दाबतात, बातम्या ऐकतात, आणि हवामान सांगून झालं की लगेच बंद करतात. रात्री दहाला पुन्हा एकदा. परवा गेलो तेव्हा बघितलं, माळ्याच्या तुळईवर खडूने त्यांनी वेळा लिहून ठेवल्यात : ६.५९, ९.५९.